रंध्याआधी बिजागरी

दार सगळ्यांना दिसते, मित्रांनो. पण दार जिच्या जिवावर फिरते, तिच्याकडे कोणी बघत नाही. एका स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, भिंतीवर एक लाकडी कपाट आहे. त्याच्या दाराच्या डाव्या कडेला, वरच्या अंगाला, बोटभर लांबीची एक पिवळी रेघ दिसते. ती मी. मी आता जुनी झालेली एक पितळी बिजागरी आहे. हातभर खाली माझी जुळी बहीण आहे. ती माझ्याहून सुखी आहे, कारण दाराची ओढ वरचीला सोसावी लागते. खालचीला नुसता टेकू द्यावा लागतो.

माझ्या जन्माची गोष्ट फार मोठी नाही. पितळेच्या पत्र्यातून माझी दोन पाती कापली गेली. त्यांच्या कडा सळईभोवती वळवून पाच नळ्या केल्या, तीन एका पात्याला आणि दोन दुसऱ्याला. त्या एकमेकींत गुंतवल्या आणि मधून एक खीळ ठोकली. एवढाच माझा देह. मग मला जुळीबरोबर कागदात गुंडाळून खोक्यात टाकले, आणि ते खोके एका सुताराच्या दुकानात येऊन पडले.

त्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणत. उंच, वाकडे नाक, कानावर पेन्सिल. बोलणे तासून घेतलेले, जास्तीचे काही नाही. दुकानाच्या भिंतीवर त्यांचा एक नियम लिहिलेला होता: 'रंध्याआधी बिजागरी'. तो सांगितला होता मिस्त्रींनी, पण लिहिला होता त्यांच्या मुलीने, आठ वर्षांची असताना, सुतारी पेन्सिलीने. अक्षरे डोंगर चढल्यासारखी वर गेलेली होती.

त्या नियमाचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. दार घासायला लागले की घाईचा माणूस रंधा उचलतो आणि दाराची कड तासतो. पण बहुतेक वेळा दोष दारात नसतो. वरची बिजागरी ढिली झालेली असते, म्हणून दार लोंबते, आणि लोंबते म्हणून घासते. स्क्रू घट्ट केला की दार आपल्या जागी परत जाते. तासलेले लाकूड मात्र परत येत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्यांनी बिघडवलेली किती दारे पाहिली होती कोणास ठाऊक! प्रत्येक वेळी ते मुलीला म्हणत, "बघ पटाशे, हा आणखी एक घाईचा गडी." मुलीची जीभ लहानपणापासून धारदार, म्हणून लाकूड कोरायच्या हत्यारावरून तिचे लाडाचे नाव पटाशी पडले होते. घरात दुसऱ्या नावाने तिला कोणी हाक मारल्याचे मी ऐकले नाही.

पटाशी बावीस वर्षांची झाली तेव्हा तिने बापाला सांगितले, की आईच्या ओट्यावरचे कपाट मी एकटी करणार. कोणी हात लावायचा नाही. आणि दार करणार चौकटीच्या आत बसणारे.

मिस्त्री हसले. "पहिलंच काम, आणि आतलं दार? वरून बसणारं कर की. झाकणासारखं असतं, चुकलं तर झाकलं जातं."

"चुकलं तर दिसू दे," पटाशी म्हणाली. "तुम्ही आहात की हसायला."

बाप बरोबरच बोलत होता. चौकटीच्या वर बसणारे दार थोडे इकडेतिकडे झाले तरी कोणाला कळत नाही. आत बसणाऱ्या दाराला लपायला जागाच नसते. चारी बाजूंची फट सारखी हवी, केसभर फरक पडला की ती फटच चुगली करते. ती फट मोजायला मिस्त्रींकडे एक पत्त्यातले पान होते, इस्पिकचा गुलाम. जोडातली बाकीची पाने कधीच हरवली होती. दार लावायचे आणि गुलाम चारी बाजूंनी फिरवायचा. कुठे अडला तर लाकूड जास्त, कुठे सैल पडला तर हात चुकला.

बिजागऱ्या निवडायला पटाशीने आमची सगळी खोकी जमिनीवर उपडी केली. फुलपाखरासारख्या मिरवणाऱ्या बिजागऱ्या होत्या, फाटकाच्या लांब पट्ट्यांच्या होत्या, आपणहून मिटणाऱ्या स्प्रिंगच्या होत्या. तिने एकेक कानाजवळ नेऊन उघडमीट करून पाहिली. मला तिने तीनदा फिरवले. मग म्हणाली, "ही अजिबात बोलत नाही. हीच हवी."

मित्रांनो, मला केवढा अभिमान वाटला! न बोलण्यासाठी माझी निवड झाली होती. तोच गुण पुढे माझ्या जिवावर बेतणार आहे, हे तेव्हा मला कुठे माहीत होते?

तिने माझ्या पात्याच्या जाडीइतकी खाच हातातल्या पटाशीने कोरली. बसवून पाहिले, काढले, कागदाइतके आणखी कोरले, पुन्हा बसवले. असे नऊ वेळा झाले. दहाव्या वेळी मी खाचेत अशी बसले, की बोट फिरवले तर लाकूड कुठे संपले आणि पितळ कुठे सुरू झाले हे समजू नये. कपाट भिंतीवर चढले, दार लागले. मिस्त्रींनी खिशातून गुलाम काढला. वरून फिरवला, दोन्ही कडांनी फिरवला, खालून फिरवला. कुठे अडला नाही, कुठे सैल पडला नाही. त्यांनी पान परत खिशात ठेवले आणि बायकोला म्हणाले, "अगं, चहा टाक. आज मिस्त्रीणबाईंना आधी दे."

आई म्हणाली, "मिस्त्रीणबाई गेली पंचवीस वर्षं मी आहे. ही नवीन कोण आली?"

तिघेही हसले. त्या चहाच्या वेळीच मिस्त्री म्हणाले, की वर्षभराने दुकानाची किल्ली पटाशीकडे. पटाशीला आयुष्यात तेवढेच हवे होते.

पुढचे वर्ष माझे सगळ्यात सुखाचे गेले असते. पण कौतुकाने जितके नुकसान होते तितके रागानेही होत नाही, हे मी तेव्हा शिकले. मिस्त्रींची कंबर धरली होती. संध्याकाळी दुकानातून आले, की हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवायला त्यांना वाकता येईना. मग हात धुताना ते कपाटाचे दार उघडत आणि पिशवी त्याच्या मुठीला अडकवत. हातोडा, दोन रंधे, सहा पटाश्या, पक्कड. सगळे ओझे दाराच्या मोकळ्या टोकाला, आणि त्याची ओढ माझ्या तीन स्क्रूंवर. रात्रभर.

"अहो, ते दार आहे, खुंटी नव्हे," आई म्हणायची.

"हत्ती बांध या दाराला!" मिस्त्री मुठीवर थाप मारत. "माझ्या पोरीनं बसवलंय."

"हत्ती राहू दे. आधी पिशवी काढा."

पण ते काढत नसत. घरी कोणी आले, तर मुद्दाम पिशवी लटकलेली दाखवत. मुलीचे कौतुक करण्याची त्यांची ती एक तऱ्हा होती. पटाशी लाजून दुसरीकडे बघायची. बिजागरीवर ओढ कशी येते हे दोघांनाही पाठ होते. पण बापाला आपल्या घरच्या दाराला नियम लागू होतो असे वाटले नाही, आणि मुलीला बापाची पिशवी म्हणजे शाबासकी वाटली.

माझा वरचा स्क्रू सहाव्या महिन्यात सैल झाला. मग मधला. लाकडातले आटे झिजून गेले आणि मी चौकटीपासून किंचित सुटले. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. करकरले. मित्रांनो, तेच माझे ओरडणे होते. मी सांगत होते, की माझी पकड सुटते आहे.

आईने ऐकले. तिने बोटावर तेलाचा थेंब घेतला आणि प्रेमाने माझ्या नळ्यांवर सोडला. थंड, गोड वाटले. मी गप्प झाले. आई म्हणाली, "बघा, थेंबभर तेल घातलं, झाली शहाणी." पुढच्या आठवड्यात मी पुन्हा करकरले, तिने पुन्हा तेल घातले. आणि खरे सांगायचे तर मला त्या तेलाची चटक लागली. दुखणे तसेच राहिले, फक्त आवाज गेला. त्या माउलीचा दोष नाही. मी आणखी ओरडायला हवे होते. तेवढे मी केले नाही.

मग तो दिवस आला. शाळेच्या मोठ्या बाईंना ग्रंथालयासाठी कपाटांची तीस दारे करून हवी होती, सगळी आत बसणारी. त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं काम आधी डोळ्यांनी बघते." मिस्त्री त्यांना घरी घेऊन आले. हे काम मिळाले असते, तर किल्ली त्याच संध्याकाळी पटाशीच्या हातात पडायची होती. पाहुण्या येणार म्हणून आईने ओटा आवरला, आणि दाराला अडकवलेली पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली. तिला काय ठाऊक, की ती पुरावाच उचलून ठेवत होती!

बाईंनी मूठ धरून दार ओढले. दार खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकटीला धरून बसले होते. खर्रकन आवाज झाला, दार हिसक्याने सुटले, आतल्या बरण्या एकमेकींवर आपटल्या. बाईंनी लावून पाहिले, तर लागेना.

"जरा धरतंय का हे?" त्या हळूच म्हणाल्या. चहा घेतला, चांगल्या बोलल्या, आणि जाताना म्हणाल्या, "कळवते मी."

'कळवते' म्हणजे काय, ते त्या घरातल्या तिघांनाही कळले.

बाई गेल्या आणि मिस्त्रींनी कोपऱ्यातल्या पिशवीतून छोटा रंधा काढला.

"बाबा, थांबा," पटाशी म्हणाली. "आधी बिजागरी बघू."

"तू मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय. भिंतीवर लिहिलंय."

"भिंतीवर लिहिलंय तू, बोललोय मी! परक्या माणसासमोर आज मान खाली घालायला लावलीस."

"बरं, निदान दार उतरवून तरी रंधा मारा."

दार उतरवले असते तर! स्क्रूला पेचकस लावताच तो निघून हातात आला असता, आणि मिस्त्रींना एका क्षणात सगळे समजले असते. पण त्यांनी दार उतरवले नाही. तसेच उघडे धरून, खालून वर हात करून, त्यांनी कोपऱ्याची कड तासली. एक, दोन, सात, आठ. कुरळी सालपटे ओट्यावर पडत होती. पटाशी नऊ वेळा कोरून दहाव्या वेळी थांबली होती. बाप मोजतही नव्हता.

दार लागले. मिस्त्री रंधा पुसत म्हणाले, "तुझ्या हाताला धार आहे, पटाशे. माप नाही."

ज्या जिभेवरून तिचे नाव पडले, ती जीभ त्या दिवशी बोथट झाली. ती एकदा पुढे झाली आणि माझ्यावर अंगठा ठेवला, तर मी सांगून टाकीन असे मला वाटत होते. पण ती पुढे आली नाही. हट्ट तिचाही बापाचाच होता. पंधरा दिवस ती त्या स्वयंपाकघरात वावरली आणि माझ्याकडे बघितले नाही. सोळाव्या दिवशी दुसऱ्या गावी कपाटांच्या कारखान्यात नोकरीला गेली. दुकानाची किल्ली मिस्त्रींच्या भाच्याकडे गेली.

त्यानंतर बारा वर्षे मी एका स्क्रूवर दिवस काढले. वरचे दोन नुसते भोकांत टेकून उभे होते, शोभेचे शिपाई. पिशवी घरी येणे थांबले होते, म्हणून दार आणखी खाली आले नाही. दर रविवारी पटाशीचा फोन यायचा. आई बोलायची. "बाबा बरे आहेत ना?" असे पलीकडून विचारले गेले, की खुर्चीतून मिस्त्री म्हणायचे, "सांग तिला, बरा आहे." एवढेच त्या दोघांचे बोलणे. भाच्याने काही वर्षे दुकान चालवले, मग विकले. आता तिथे गाद्या मिळतात म्हणे. भिंतीला हिरवा रंग दिला, आणि डोंगर चढणारी अक्षरे त्याखाली गेली.

एका सकाळी आईने मिठाची बरणी घ्यायला दार उघडले आणि माझा शेवटचा स्क्रू सुटला. दार खालच्या बहिणीवर गर्रकन फिरले आणि आईच्या मनगटावर बसले. हाड मोडले. मित्रांनो, जिच्या हाताचे तेल मी खाल्ले, तिचाच हात माझ्यामुळे मोडला. याहून वाईट दिवस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पटाशी आली. केसांत थोडी पांढरी झाक, हात तेच. भाचाही धावत आला होता. बिचारा मनाने चांगला. "ताई, हे काढूनच टाकू. मी नवीन वाटीवाली बिजागरी लावतो, बाहेरून दिसतसुद्धा नाही. दार वाकडं झालं तर नुसता स्क्रू फिरवायचा, वर, खाली, आत, बाहेर. दहा मिनिटांचं काम."

"तुझं दहा मिनिटांचं काम मी कारखान्यात दिवसभर करते, गड्या," पटाशी म्हणाली. "ही आहे तिथे राहू दे."

त्या नव्या बिजागऱ्यांना मी नावे ठेवत नाही. त्या हुशार आहेत, चूक सांभाळून घेतात. मला ते जमत नाही. मला बसवणाऱ्याचा हात बरोबर लागतो, आणि वापरणाऱ्याचाही.

पटाशीने दार उतरवून ओट्यावर ठेवले. पहिल्यांदा मूठ पाहिली. मुठीच्या मानेला पट्ट्याच्या रुंदीचा एक खोल वळ पडला होता. "आई, हा कशाचा वळ?"

आई गळ्यात हात बांधून बसली होती. "तुझ्या बाबांची पिशवी. वर्षभर तिथंच असायची, विसरलीस?"

पटाशीने मुठीकडे पाहिले, मग चौकटीतल्या भोकांकडे. तिने त्यात करंगळीचे नख घातले, ते सहज आत गेले. खुर्चीत बसलेले मिस्त्री सगळे बघत होते. तिने काड्यापेटीतल्या काड्यांची गुले मोडली, काड्या सरसात, म्हणजे सुतारी गोंदात, बुडवून भोकांत ठोकल्या, वर आलेली टोके कापली आणि दिवसभर वाळू दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत माझ्या खाचेत बसले. तीनही स्क्रू घट्ट. तेरा वर्षांपूर्वीसारखी. दार लागले, आवाज न करता. वर फट सारखी, डावीकडे सारखी, उजवीकडे सारखी. आणि खाली, उजव्या कोपऱ्याकडे, ती रुंदावत गेलेली. बोटाचे टोक जाईल एवढी.

मिस्त्री उठले. चष्म्याच्या डबीतून त्यांनी गुलाम काढला. पानाच्या कडा आता मऊ पडल्या होत्या. त्यांनी तो वरून फिरवला, दोन्ही कडांनी फिरवला. नीट गेला. मग खालून डावीकडून सुरू केला. निम्म्यापर्यंत नीट गेला आणि कोपऱ्याशी आल्यावर त्यांच्या बोटांतून सुटून फटीतून आत पडला.

त्यांनी त्या फटीत बोटाचे टोक घालून पाहिले.

"माप बरोबर होतं तुझं," ते म्हणाले. "ही फट माझी आहे."

"हे ऐकायला मी तेव्हा पंधरा दिवस थांबले होते, बाबा."

"आणि आता?"

"आता रजा चार दिवसांची आहे." पेचकस खाली ठेवत ती म्हणाली, "मीही बघायला हवं होतं. एक अंगठा लावला असता तर कळलं असतं. रागावून बसले."

मिस्त्रींनी मान हलवली. मग म्हणाले, "तिथं एक पट्टी लावतेस का?"

"लावीन. पण रंग जुळायचा नाही. नवीन लाकूड आहे."

"नकोच जुळायला," मिस्त्री म्हणाले.

तिने पाचरीसारखी बारीक पट्टी तासली आणि दाराच्या खालच्या कडेला चिकटवली. गुलाम चारी बाजूंनी फिरला. चौथ्या दिवशी दुपारच्या गाडीने ती गेली. दुकान नव्हते, भिंतीवरची अक्षरे नव्हती, देण्यासारखी किल्लीही उरली नव्हती. ती तीस दारे कोणीतरी काचेची, सरकती करून टाकली होती. आता रविवारी फोन आला की मिस्त्री तो स्वतः घेतात. हवापाण्याचे बोलतात. दोघांनाही फारसे जमत नाही, पण फोन ठेवतही नाहीत.

रोज सकाळी मिस्त्री दार उघडतात. एका अंगठ्याने ती फिकी पट्टी चाचपतात, दुसरा माझ्यावर टेकवतात, स्क्रू हलतो का ते बघतात. बारा वर्षांपूर्वी हा अंगठा एकदाच टेकला असता तरी पुरले असते.

मित्रांनो, तुमच्या घरातले दार अडले, किंवा घरातले माणूस अडले, तर रंधा उचलण्याआधी ते कशाला धरून उभे आहे तिकडे एकदा बघा. कदाचित त्यावर तुम्हीच काही लटकवून ठेवले असेल, आणि तेही कौतुकाने. आणि माझ्यासारखी एखादी कुठे करकरली, तर तिला तेल जरूर द्या. पण तेल देण्याआधी तिला विचारा, काय झाले म्हणून.